केसाएवढी चीर

“चार हजार, तुपे! चार हजार आणि वर दोनशे!”

असे म्हणत संचालक हिवरेकर साहेबांनी आपला मोबाइल माझ्या डोळ्यांसमोर धरला, त्या समयी माझ्या दोन्ही हातांत रुजवणीच्या ओल्या कागदांचा ट्रे होता. हात मोकळे नसल्यामुळे मी केवळ मान पुढे करून पाहिले. आदल्या दिवशी, म्हणजे आठ मार्चला, आमच्या केंद्राच्या फेसबुक पानावर मी लिहिलेला मजकूर तिथे झळकत होता आणि त्याखालचा पसंतीचा आकडा माझ्यादेखत वाढत होता.

जालन्यापासून अकरा किलोमीटरवरच्या एका बीज संशोधन केंद्रात मी प्रयोगशाळा परिचर होतो. बियाणे मोजणे, ओल्या कागदात गुंडाळून उबवणी यंत्रात ठेवणे, चौथ्या व दहाव्या दिवशी उगवलेले कोंब मोजणे, हे माझे नित्यकर्म. शिक्षण आठवीपर्यंत, परंतु वाचनाचा नाद बालपणापासून असल्यामुळे केंद्रात कोणाचा निरोपसमारंभ असला की भाषण मजकडून लिहून घेतले जाई. फेसबुकचे पान निघाले तेव्हा साहेब म्हणाले, “तुपेंची भाषा साहित्यिक आहे, त्यांनाच द्या.” तेव्हापासून तीन वर्षे त्या पानाची लेखणी माझ्या हाती होती आणि त्याचा मला मनस्वी अभिमान होता.

साहेबांनी मजकूर मोठ्याने वाचायला प्रारंभ केला. लेखकाच्या समक्ष वाचावे तसे, थांबत थांबत.

“‘पहाटेच्या मंगल प्रहरी उठून, आजारी सासूबाईंची सेवा करून, चिमुकल्यांचे डबे भरून, पतिदेवांना वाफाळता चहा देऊन, मुखावरचे हास्य यत्किंचितही न मावळू देता आमच्या डॉ. मंजूषा गव्हाणे मॅडम संशोधनाचा छंद जोपासतात! संसाराची वेल आणि विज्ञानाचे रोप एकाच ओंजळीतल्या पाण्याने फुलवणाऱ्या या आदिशक्तीस महिलादिनी मानाचा मुजरा!’ काय सुचतं हो तुम्हाला!”

“आपली कृपा, साहेब.”

“आता ऐका. सबनीस सरांनीही वाचलं. पुण्याहून फोन आला सकाळी.”

डॉ. सबनीस हे कोण, हे केंद्रातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होते. आमच्याकडे नवी बियाणे पेढी उभी राहत होती. मराठवाड्यातल्या जुन्या वाणांचे बी तिथे शीतगृहात पन्नास पन्नास वर्षे जिवंत ठेवायचे, असा संकल्प होता. तिचा प्रमुख निवडण्यासाठी सोमवारी समिती यायची होती आणि सबनीस सर तिचे अध्यक्ष होते. नावे दोन होती. एक गव्हाणे मॅडमचे, दुसरे डॉ. राऊतांचे. मॅडम नऊ वर्षे याच एका कामामागे होत्या. पेढीची मूळ कल्पनाही त्यांचीच, हे सर्वश्रुत होते.

“काय म्हणाले सर?” मी विचारले.

“म्हणाले, बाई फारच ओढाताणीत दिसतात हो. घरी आजारी माणूस, लहान मुलं. पेढीच्या प्रमुखाला महिन्यातले पंधरा दिवस गावोगाव फिरायचं. त्यांच्यावर आणखी भार टाकणं बरं नाही. मलाही पटलं ते. राऊतांना देऊ, म्हणजे मॅडमचाही जीव सुटेल.” साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “तुमच्या लेखणीत ताकद आहे, तुपे. माणसाच्या काळजाला हात घालता.”

साहेब निघून गेले. त्या क्षणी माझ्या मनात काहीच आले नाही असे लिहिले तर ते असत्य ठरेल. ट्रे खाली ठेवताना तो नित्यापेक्षा जड वाटला, एवढे स्मरते.

दुपारी अडीचच्या सुमारास गव्हाणे मॅडम प्रयोगशाळेत आल्या. त्यांच्या हातात कागदांचा गठ्ठा होता.

“तुपे, मोजणीच्या पाट्या काढा. दोन.”

मोजणीची पाटी म्हणजे शंभर भोके पाडलेली फळी. तिच्यावर बी पसरले की प्रत्येक भोकात एकेक दाणा बसतो आणि शंभर दाणे न चुकता मोजले जातात. मी दोन पाट्या आणून टेबलावर मांडल्या.

“आता एका वाटीत साधी ज्वारी घ्या. दुसऱ्या वाटीत औषध लावलेली.”

औषध लावलेले बी गुलाबी रंगाचे असते, खाण्यात जाऊ नये म्हणून. मी पांढऱ्या आणि गुलाबी दाण्यांच्या वाट्या ठेवल्या. हातमोजे चढवले.

“मॅडम, कोणता वाण तपासायचा?”

“तुमचं पान,” त्या म्हणाल्या आणि गठ्ठा उलगडला.

तीन वर्षांत मी लिहिलेले सारे अभिनंदनाचे मजकूर त्यांनी छापून आणले होते. माझा चेहरा पडला असावा, कारण त्या म्हणाल्या, “बसा हो. रागावले असते तर साहेबांशी बोलले असते. तुमच्याशी बोलतेय, कारण तुम्ही मोजणीत कधी लबाडी केली नाहीत.”

मी स्टुलावर बसलो.

“उजवी पाटी पुरुषांची, डावी बायकांची. मी स्तुतीचा एकेक शब्द वाचते. तो वाचून त्या माणसानं काय काम केलं ते कळलं, तर पांढरा दाणा. नाही कळलं, तर गुलाबी. ठरवायचं तुम्ही. मी काही बोलणार नाही.”

“पण मॅडम, मी तर मानानं लिहिलं होतं...”

“ते मला माहीत आहे. घ्या, डॉक्टर राऊत. ‘करपा रोगास तोंड देणारा वाण सिद्ध केला.’”

“पांढरा.”

“‘सहा जिल्ह्यांत चाचण्या घेतल्या.’”

“पांढरा.”

“‘धडाडीचे.’”

“...गुलाबी.”

“आता आपल्या रसायन विभागाच्या कुलकर्णी मॅडम. ‘सदा हसतमुख.’”

“गुलाबी.”

“‘घरची जबाबदारी लीलया पेलणाऱ्या.’”

“गुलाबी.”

“‘नारीशक्तीचा तेजस्वी आविष्कार.’”

मी दाणा ठेवला. पुढे आम्ही सव्वा तास मोजले. मॅडम एकाच आवाजात वाचत राहिल्या. प्रत्येक कागद माझ्याच हातचा. प्रत्येक शब्द मी रात्ररात्र शोधून, जुळवून लिहिलेला. 

दोन्ही पाट्या भरल्या तेव्हा आम्ही दोघांनी त्यांच्याकडे पाहिले. उजवी पाटी पांढरी होती, मधूनमधून गुलाबी ठिपके. डावी पाटी लांबून पाहणाऱ्यास गुलाबी कापड पसरल्यासारखी दिसली असती. सवयीने मी मोजले. पुरुषांच्या पाटीवर एक्याऐंशी पांढरे. बायकांच्या पाटीवर नऊ.

“शंभरात नऊ,” मॅडम म्हणाल्या. “अशी उगवण असलेलं पोतं तुम्ही शेतकऱ्याला द्याल?”

“नाही, मॅडम.”

“राऊतांना मुलं किती?”

“तीन. धाकटं आत्ताच बालवाडीत घातलंय.”

“त्यांचे डबे कोण भरतं?”

“आता ते कसं लिहायचं मॅडम, पुरुषांचं...” इतके बोलून मी डाव्या पाटीकडे पाहिले.

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिले. मग त्यांना एकाएकी हसू आले. “आमच्या घरी डबे मंगेश भरतात, तुपे. लग्न झाल्यापासून. चहा त्यांचा तेच करतात. मी चहा पीतच नाही. तुम्ही नऊ वर्षं मला चहा विचारता आणि मी नको म्हणते.”

“आणि सासूबाई...?”

“त्या काल तुमचं वाचून संतापल्यात. म्हणाल्या, हा तुपे कोण? मला अंथरुणाला खिळवणारा हा कोण टिकोजीराव? रोज तीन किलोमीटर चालतात त्या. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढला, तेव्हा मी अर्धा दिवस रजा घेतली होती. तेवढंच तुम्हाला आठवलं असेल.”

तेवढेच मला आठवले होते. बाकीचे मी जुळवले होते, कारण ते जुळत होते.

मॅडमचे हसू मावळले. “नऊ वर्षं, तुपे. ही पेढी मी कागदावर काढली तेव्हा इथे नुसतं बाभळीचं रान होतं. साहेब मघाशी मला सांगायला आले आणि म्हणाले, ‘तुमच्याच भल्यासाठी.’ काय उत्तर देणार? कोणी वाईट बोललं असतं तर भांडले असते.”

मी उठलो. “मॅडम, मी आत्ता पुसून टाकतो तो मजकूर.”

“पुसू नका. मेलेला दाणा निघाला तर आपण फेकून देतो की नोंदवतो?”

“नोंदवतो.”

“मग राहू दे. जे खरं झालं ते लिहा. मला विचारून लिहू नका, नाहीतर म्हणतील बाईनंच लिहून घेतलं.” त्यांनी कपाटातून आठ पानांचा एक लेख काढून माझ्या हाती ठेवला. “दोन वर्षांपूर्वी छापून आलाय. यात सगळं आहे.”

“हे इंग्रजी आहे, मॅडम.”

“ग्रंथालयात शब्दकोश आहे. आणि सोमवारपर्यंत दोन दिवस आहेत.”

शनिवारी मी शब्दकोश घरी आणला. केंद्राच्या मागेच कर्मचाऱ्यांच्या खोल्या होत्या. तिथे मी आणि माझी पत्नी चंद्रकला राहत होतो. चंद्रकला केंद्रातच रोजंदारीवर होती. बियाणे निवडीच्या हॉलमध्ये बावीस बायका ओळीने बसत आणि हाताने दाणे निवडत. त्यांपैकी ती एक. मी ओट्यावर बसून एकेक शब्द शोधू लागलो. ती मिरच्यांचे देठ काढत होती.

“हे काय डोकं फोडून ऱ्हायले?” तिने विचारले.

“मॅडमचं संशोधन समजून घेतोय.”

“आत्ता? लिवून झाल्यावर?” ती हसली. “तुमचं ते हालमधी एका पोरीनं वाचलं मोबाइलवर. सगळ्या बाया फिदीफिदी हासल्या.”

“काऊन?”

“मॅडमची सासू परवा बाजारात वांग्यावाल्याशी भांडू लागली व्हती. अख्खा बाजार उभा ऱ्हाऊन ऐकत व्हता. आन तुम्ही लिवलं, आजारी हाये म्हून!”

मी पुन्हा कोशात शिरलो. एका ओळीला कधी अर्धा तास लागे. परंतु रविवारी दुपारपर्यंत मला हळूहळू दिसू लागले. जे नऊ वर्षे माझ्याच हातून गेले होते, ज्याचे कागद मीच ओले केले आणि कोंब मीच मोजले, ते कशासाठी होते हे मला प्रथमच उमगले. मला वाटे, आपण मॅडमचे दाणे मोजतो. त्या काय विचारीत आहेत हे मी कधी विचारले नव्हते.

शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. त्या सर्वांत सोप्या होत्या. कोश उघडावाच लागला नाही. त्या वाचून मी लेख मिटला आणि अंगणात जाऊन बराच वेळ उभा राहिलो. चंद्रकलाने आतून हाक मारली, “जेवायला येता का शब्द खाऊनच पोट भरलं?” मी आलो म्हणालो, पण तिच्याकडे पाहणे मला जमले नाही.

रविवारी दिवस मावळायच्या आत, माझ्याच मोजणीच्या वहीतले यंदाचे आकडे जोडून, मी पानावर पुढील मजकूर चढवला. त्यात स्तुतीचे एकही विशेषण येऊ नये असा निश्चय केला होता आणि आयुष्यात प्रथमच तो तडीस गेला.

“गुरुवारी याच पानावर मी डॉ. मंजूषा गव्हाणे यांच्या घराविषयी जे लिहिले ते खरे नव्हते. मी कोणाला विचारले नव्हते. त्यांचे काम असे आहे. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी एकशे चौदा गावांतून गावठी ज्वारीचे बी गोळा केले. निम्मे उन्हात वाळवले, निम्मे कणसे सावलीत टांगून सावकाश वाळवले. मग दोन्ही एकाच थंडाव्यात ठेवले. दर वर्षी प्रत्येकातले चारशे दाणे रुजवून मोजले. यंदा उन्हातल्या शंभरांपैकी एकतीस उगवले. सावलीतल्या शंभरांपैकी शहाऐंशी. कारण त्यांनी शोधले. घाईने वाळवलेल्या दाण्याच्या अंगावर केसाएवढी चीर पडते. ती पहिल्या वर्षी काही करीत नाही. नवव्या वर्षी दाणा मेलेला असतो.”

याखाली आणखी तीन वाक्ये होती. ती मी योग्य स्थळी सांगेन.

सोमवारी सकाळपर्यंत या मजकुरास त्रेसष्ट लोकांनी पसंती दिली होती. साहेबांनी मला दारातच गाठले.

“हे काय रुक्ष लिहून ठेवलंत? आणि कोणाच्या परवानगीनं? आज समिती येतेय, तुपे! संस्थेच्या पानावर ‘खरे नव्हते’ म्हणून कोणी लिहितं का?”

“साहेब, खरं नव्हतं ते.”

“नंतर बोलू. चहाचं बघा आधी.”

मुलाखत सभागृहात होती. मी ट्रे घेऊन आत गेलो तेव्हा मॅडम टेबलाच्या या बाजूस एकट्या आणि पलीकडे समितीचे चौघे व आमचे साहेब, अशी मांडणी होती. सबनीस सर वयोवृद्ध, मृदू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“गव्हाणे मॅडम, तुमच्या कामाबद्दल कोणाच्याच मनात शंका नाही. मी वडीलकीच्या नात्यानं विचारतो. घरी सासूबाईंची तब्येत, मुलं. त्यात ही फिरती. नंतर तुम्हालाच त्रास नको.”

मॅडमच्या बोटांनी टेबलाची कड धरली. त्या उत्तरासाठी श्वास घेत होत्या. मी सरांपुढे कप ठेवत होतो. बशी टेकवून मी बोललो.

“साहेब, ते मी लिहिलं होतं. सगळं बनवून.”

हिवरेकर साहेब म्हणाले, “तुपे, बाहेर!”

“थांबा,” सबनीस सर म्हणाले. “आपण कोण?”

“परिचर आहे, साहेब. पानावर मीच लिहितो. त्यांच्या सासूबाई आजारी नाहीत. डबे त्यांचे यजमान भरतात. मला चांगलं वाटलं म्हणून लिहिलं.”

सरांनी मोबाइल हातात घेतला, काही वर सरकवले, काही खाली. “आणि हे कालचं? चीर वगैरे?”

“तेही मीच.”

“दोन्ही एकाच माणसानं लिहिलंय?”

“होय, साहेब. दुसरं लिहिण्याआधी वाचलं होतं.”

कोणीतरी खोकले. मॅडमनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या सरळ सरांकडे पाहत होत्या.

“सर, सासूबाई ठणठणीत आहेत. पण त्या आजारी असत्या तरी मी याच खुर्चीवर बसले असते आणि उत्तर हेच दिलं असतं. एकशे चौदा गावं मी फिरूनच गोळा केली. घरचं सगळ्यांनाच विचारत असाल तर मलाही विचारा. राऊतांची मुलाखत माझ्यानंतर आहे, त्यांनाही तीन मुलं आहेत.”

सबनीस सरांनी कपाकडे पाहिले, मग मॅडमकडे. एवढ्या मोठ्या माणसाचे कान तांबडे झालेले मी पाहिले.

“नाही विचारणार,” ते म्हणाले. “माझं चुकलं. बरं, आता मला ही चीर समजावून सांगा. ती पहिल्यांदा दिसली कशी? तुमच्या सूक्ष्मदर्शकाखाली?”

“नाही सर. सूक्ष्मदर्शक नंतर आला,” मॅडम म्हणाल्या.

पुढचे मला ऐकता आले नाही, कारण साहेबांनी डोळ्यांनीच मला दार दाखवले होते.

बारा वाजता साहेबांनी माझ्याकडून पानाचा पासवर्ड मागून घेतला. ते लेखनिक विभागातल्या एका नव्या मुलीकडे सोपवण्यात आले. मला वाईट वाटले. तीन वर्षांचा संसार होता तो. ते हातचे जाण्यापूर्वी मी एकवार उघडून पाहिले. गुरुवारच्या मजकुराखाली तीनशे बारा लोकांनी लिहिले होते. फुले, हात जोडलेली चित्रे, ‘ग्रेट ताई’, ‘सलाम’. तीनशे बारांत एकही प्रश्न नव्हता. कालच्या मजकुराखाली अकराच जण होते. परंतु परतूरच्या एका बाईंनी विचारले होते, “कणसे किती दिवस टांगायची?” मंठ्याच्या बारावीतल्या मुलीने विचारले होते, “चीर साध्या भिंगातून दिसते का? मला बघायला येता येईल का?” आणि मॅडमनी, मुलाखतीतून बाहेर पडल्यावर अर्ध्या तासाच्या आत, दोघींनाही उत्तर दिले होते. मुलीला लिहिले होते, “शनिवारी ये. भिंग आण.”

निकाल वीस दिवसांनी आला. गव्हाणे मॅडम पेढीच्या प्रमुख झाल्या. ते माझ्यामुळे झाले असे मी म्हणत नाही; माझ्यामुळे न होण्याची वेळ आली होती, एवढेच मी जाणतो. आज ती गोष्ट होऊन बरीच वर्षे लोटली, मी सेवानिवृत्त झालो. परंतु माझ्या अंतःकरणात जे राहिले ते निकालाचे नाही, त्या सोमवारच्या संध्याकाळचे आहे.

घरी आलो तेव्हा चंद्रकला ओट्यावर बसून सुपात तूरडाळ निवडत होती. दिवसभर हॉलमध्ये निवडून आली तरी घरी तिचे हात पुन्हा तेच करीत.

“पासवर्ड काढला म्हनं,” ती म्हणाली.

“तुला कोणी सांगितलं?”

“हालमधी सगळं कळतं. चहा ठेवू का?”

“नको. तुला एक वाचून दाखवायचं आहे.”

“मॅडमचं ना? वाचलं पोरीनं दुपारी. मी आत गोण्या लावू लागले व्हते, नीट ऐकू नाही आलं. चांगलं लिवलं म्हनल्या बाया.”

“शेवटची तीन वाक्यं राहिली ऐकायची.”

मी मोबाइल काढला. भाषणे मी आजवर लिहूनच दिली होती, स्वतः कधी केली नव्हती.

“‘ही चीर प्रथम चंद्रकला तुपे यांनी पाहिली. दाणे निवडताना त्यांनी ती नखाने ओळखली आणि मॅडमना नेऊन दाखवली. त्यानंतर हा प्रयोग सुरू झाला.’”

सुपातली बोटे चालत होती. एक खडा उचलून तिने बाजूला टाकला.

“मला म्हाईत हाये,” ती म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“इंग्रजीत छापून आलं तवाच मॅडम हालमधी आल्या व्हत्या. कागद दाखवला. बोट ठिवून सांगितलं, चंद्रकलाबाई, हे तुमचं नाव. पेढे वाटले सगळ्यायला.” तिने डाळ पाखडली. “तुम्ही बी खाल्ला की एक. मी घरी आनला व्हता.”

मला तो पेढा आठवला. वेलदोड्याचा होता.

“मग तू मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही लिवत बसला व्हता. कोनाच्या तरी रिटायरचं. पेढा तोंडात टाकला, कशाचा म्हून इचारलं नाही.” तिच्या स्वरात राग नव्हता, बाजारभाव सांगावा तसे ती सांगत होती. “म्हनलं, जाऊ द्या. इचारतील कवा तरी.”

समोरच्या लिंबावर साळुंक्या गोंधळ घालीत होत्या. त्या उडून गेल्या.

“कसं लिवलं नाव?” तिने विचारले. “तुपेची बायको म्हून?”

“नाही. नुसतं चंद्रकला तुपे.”

“सैपाकाचं काही?”

“काही नाही.”

“पहाटं उठते, भाकरी थापते, असलं?”

“नाही गं.”

तिने किंचित मान हलवली. मग सूप उचलून भिंतीकडे सरकवले, पदराने हात पुसले आणि भिंतीला टेकून बसली.

“परत वाचा बरं,” ती म्हणाली. “सावकाश वाचा.”

मी पुन्हा पहिल्या वाक्यापासून वाचू लागलो. मध्ये एकदा मान वर करून पाहिले तेव्हा तिचे दोन्ही हात मांडीवर, रिकामे, उलटे पडले होते. आणि ती ऐकत होती.